फ्लेक्झिबल दात तुटले: जोडायचे की नवे करायचे?

मागच्या भागात आपण पूर्ण कवळीबद्दल बोललो. आजचा विषय आहे अर्ध्या कवळीचा. म्हणजे तोंडात काही दात स्वतःचे आहेत आणि मधल्या रिकाम्या जागी काढता-घालता येणारे दात बसवले आहेत. त्यातही आज बोलायचं ते ‘फ्लेक्झिबल’ म्हणून मिळणाऱ्या दातांबद्दल. गुलाबी, पातळ, हाताने वाकवले तर वाकणारे आणि तारेचे आकडे नसलेले.

हे दात घेताना बहुतेकांनी एक वाक्य ऐकलेलं असतं: “हे तुटत नाहीत.” मग तीन-चार वर्षांनी एक दिवस दात सुटून हातात येतो, नाहीतर पकडीचा पंख फाटतो, आणि माणूस गोंधळतो. जे तुटणारच नव्हतं ते तुटलं, आता करायचं काय? घरी चिकटवायचं, लॅबला द्यायचं की सगळं नवं करायचं? या प्रश्नाचं उत्तर आज नीट लावून घेऊ.

जे नव्याने आले आहेत त्यांच्यासाठी माझी ओळख. मी दातांचा डॉक्टर नाही. मी डेंटल लॅबमधला माणूस. मूळचा मिरजेचा, आणि गेली वीस वर्षं चेन्नईच्या उत्तर टोकाला एन्नोरला लहानशी लॅब चालवतो. आपल्याकडे १९४८ मध्ये दंतवैद्यांचा कायदा झाला. त्यात माझ्यासारख्याला ‘डेंटल मेकॅनिक’ म्हटलंय, म्हणजे कवळ्या आणि दातांची साधनं बनवणारा किंवा दुरुस्त करणारा. तोंड तपासायचं आणि माप घ्यायचं काम डॉक्टरचं, वस्तू घडवायचं काम माझं. ही विभागणी ध्यानात ठेवा, पुढे ती उपयोगी पडेल.

‘फ्लेक्झिबल’ म्हणजे नक्की काय?

बहुतेक फ्लेक्झिबल दातांचा गुलाबी भाग नायलॉनचा असतो. नायलॉन १९३५ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरॉदर्स यांच्या गटाने बनवलं. १९३८ मध्ये त्याचे टूथब्रशचे केस बाजारात आले, आणि १९५० च्या दशकात अमेरिकेत त्याच जातीच्या प्लास्टिकची अर्धी कवळी बनू लागली. व्हॅलप्लास्ट हे त्यातलं जुनं आणि गाजलेलं नाव. आज अनेक कंपन्यांचा माल मिळतो.

त्याआधीपासून चालत आलेलं प्लास्टिक म्हणजे ॲक्रिलिक. दातांसाठी ते १९३७ च्या सुमारास आलं आणि आजही जगातल्या बहुतेक कवळ्या त्याच्याच असतात. ॲक्रिलिक कडक असतं. हातातून फरशीवर पडलं की तडकतं. नायलॉन पडलं तर उसळी मारतं. ॲक्रिलिकची अर्धी कवळी धरून ठेवायला स्टीलच्या तारेचे आकडे लागतात आणि हसताना ते दिसतात. नायलॉनमध्ये तारेची गरज नाही. त्याच गुलाबी पदार्थाचे पातळ पंख शेजारच्या दातांच्या मुळाशी हिरडीवर टेकतात आणि धरून ठेवतात. या पंखांना आम्ही ‘क्लास्प’ म्हणतो, इथे ‘पकड’ म्हणू.

म्हणून हे दात लोकांना आवडतात. हलके असतात, पातळ असतात, तार दिसत नाही. काहींना ॲक्रिलिकमधल्या द्रव्याची किंवा धातूची ॲलर्जी असते, त्यांनाही ते चालतात. हे सगळे गुण खरे आहेत. पण वस्तू वाकते म्हणजे ती तुटत नाही असं नाही. स्टीलचा चमचा एकदा वाकवला तर काही होत नाही, शंभरदा त्याच जागी वाकवला तर तुटतो. पकडीचा पंख रोज घालताना-काढताना त्याच जागी वाकतो. जेवताना प्रत्येक घासालाही थोडा हलतो. वर्षभरात हे किती वेळा झालं, याचा हिशेब तुम्हीच करा.

गोंद का चालत नाही?

आता मुख्य मुद्दा. ॲक्रिलिकची कवळी तुटली तर आम्ही पावडर आणि द्रव मिसळून जोडतो. हा द्रव जुन्या ॲक्रिलिकचा पृष्ठभाग थोडा विरघळवतो, त्यात शिरतो आणि तिथेच घट्ट होतो. जुनं आणि नवं एकजीव होतं. तासाभरात काम आटोपतं.

नायलॉनवर तोच द्रव ओतला तर काहीही होत नाही. नायलॉनचे रेणू दाट, शिस्तीत बसलेले असतात. रसायनांना ते सहज दाद देत नाहीत. म्हणूनच त्याचे दोर समुद्रात टिकतात आणि जाळी कुजत नाहीत. पण जे रसायनाला दाद देत नाही ते गोंदालाही देत नाही. टिकाऊपणा आणि न चिकटणं, दोन्हींचं मूळ एकच.

एन्नोरला खाडीच्या कडेला, कोसस्थलैयार नदी समुद्राला मिळते त्या बाजूला, कोळी मंडळी सकाळी जाळी दुरुस्त करत बसलेली असतात. जाळी नायलॉनची. फाटलेली जागा कुणी गोंदाने चिकटवत नाही. फाटका भाग कापून मोकळा करतात, नवा धागा घेतात आणि गाठी मारून विणतात. नायलॉन जोडायचं तर अडकवून जोडायचं, चिकटवून नाही. दातांच्या लॅबमध्येही आम्ही तेच करतो.

तुमच्या कवळीतला प्रत्येक दातही तसाच अडकवलेला आहे. हे दात ॲक्रिलिकचे किंवा चिनी मातीचे असतात आणि नायलॉनला चिकटत नाहीत. म्हणून आम्ही दाताच्या तळाला बारीक भोकं पाडतो, उभं एक आणि आडवं एक, इंग्रजी टी अक्षरासारखी. वितळलेलं नायलॉन त्या भोकात शिरतं, थंड होतं आणि दात खुंटीसारखा अडकतो. दात सुटून हातात आला असेल तर त्याचा तळ बघा, भोक दिसेल. त्या भोकात फेविक्विक भरून दात परत बसवला तर तो दोन-चार दिवस बसल्यासारखा वाटतो. मग काय होतं? झटपट गोंद वाळला की काचेसारखा कडक होतो आणि खालचं नायलॉन वाकतं. एक कडक, एक वाकणारं, म्हणजे पहिल्याच कडक घासाला सांधा सुटणार. शिवाय गोंदाचा थर मधे आल्याने दात केसभर उंच बसतो. केसभर म्हणजे तोंडात पुष्कळ. चावताना सगळा दाब आधी त्याच दातावर येतो. आणि तो माल लॅबमध्ये आला की आधी मला सगळा गोंद खरवडावा लागतो. त्यात अडकवायची मूळ भोकं आणि कडा खराब होतात, आणि जी दुरुस्ती सोपी होती ती अवघड होते.

नायलॉनवर दुरुस्तीचं प्लास्टिक नीट चिकटावं म्हणून जगभर प्रयोग झालेत. जपानमध्ये पृष्ठभागावर सिलिकाचा मारा करून खास रेझिन लावल्यावर जोड बराच मजबूत होतो असं दिसलंय. पण ते यंत्राचं, लॅबमधलं काम आहे. घरच्या ट्यूबने होणारं नाही.

काय तुटलंय ते आधी ओळखा

‘दात तुटले’ एवढं सांगून भागत नाही. माझ्याकडे डॉक्टरांकडून जो माल येतो त्याचे साधारण सहा प्रकार करता येतात.

पहिला प्रकार, काहीच तुटलेलं नाही, पण पकड सैल झाली आहे. यावर डॉक्टर क्लिनिकमध्येच उपाय करू शकतात. पकडीचा भाग गरम पाण्यात धरून मऊ करतात आणि किंचित आत वाकवतात. हे घरी करू नका. पाणी किती गरम आणि किती वाकवायचं याचा अंदाज चुकला तर पकड हिरडीत रुतते आणि जखम होते.

दुसरा, एखादा दात सुटून आलाय, पण गुलाबी भाग शाबूत आहे. हा दुरुस्तीला सर्वांत चांगला प्रकार. दात जपून ठेवला असेल तर तोच परत बसवता येतो.

तिसरा, पकड फाटली किंवा तुटून वेगळी झाली. दुरुस्ती होते, पण नवी पकड जुन्या भागाला कुठे आणि किती अडकवता येते त्यावर तिचं आयुष्य ठरतं. जिथून ती आधी तुटली, ती जागा नंतरही कमकुवतच राहते.

चौथा, मधला भाग चिरला, दोन तुकडे झाले. इथे जोडकाम मी सहसा सुचवत नाही. कारण ताण नेमका तिथूनच जातो.

पाचवा, कवळी ठीक आहे पण तोंडातला आणखी एक स्वतःचा दात काढावा लागला. त्या जागी नवा दात वाढवता येतो का? बऱ्याचदा येतो. मात्र जो दात काढला त्यालाच पकड असेल तर मामला वेगळा.

सहावा, सगळं शाबूत आहे, पण खाली पोकळ वाटतं, अन्न अडकतं, डुगडुगतं. हा सर्वांत फसवा प्रकार. इथे बदललीये ती कवळी नाही, खालचा जबडा. दात गेला की तिथलं हाड वर्षागणिक झिजत जातं, आणि कवळी जुन्या मापाचीच राहते. ॲक्रिलिकमध्ये आतून नवा थर देऊन ही पोकळी भरता येते. नायलॉनमध्ये वर पाहिलेल्या कारणाने ते अवघड जातं, आणि बहुतेक वेळा नवीनच करावं लागतं.

लॅबमध्ये दुरुस्ती कशी होते?

ही प्रक्रिया समजली की दोन-तीन दिवस का लागतात आणि पैसे कशाचे घेतात, तेही समजतं.

नुसती तुटकी कवळी पाकिटात घालून पाठवली तर मला फारसं काही करता येत नाही. मला ती तोंडात कशी बसते हे कळायला हवं. म्हणून डॉक्टर कवळी तोंडात बसवून वरून माप घेतात आणि मापासकट कवळी बाहेर काढतात. त्यात मी प्लास्टर ओततो. आता माझ्या बाकावर तुमच्या जबड्याची प्रतिकृती असते आणि तिच्यावर कवळी नेमक्या जागी बसलेली असते.

मग तुटलेला भाग कापून मोकळा करायचा, जाळ्याचा करतात तसा. उरलेल्या कडेला खाचा आणि भोकं पाडायची, म्हणजे नवं नायलॉन तिथे अडकेल. हरवलेला भाग मेणात घडवायचा. मग हे सगळं धातूच्या डब्यात प्लास्टरमध्ये गाडायचं, उकळत्या पाण्याने मेण वितळवून काढायचं, आणि जिथे मेण होतं त्या पोकळीत नायलॉन दाबाने भरायचं. नायलॉनचे दाणे ॲल्युमिनियमच्या नळीत भरून २८० ते २९० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतो आणि यंत्राच्या दट्ट्याने आत ढकलतो. ते क्षणार्धात भरलं पाहिजे, नाहीतर मधेच थिजतं. नंतर डबा आपोआप थंड होऊ द्यायचा, घाई केली तर माल वाकडा येतो. शेवटी कापणं, घासणं, चकाकी. हे मऊ प्लास्टिक घासताना तंतू निघतात, त्यामुळे चकाकी आणायला ॲक्रिलिकपेक्षा जास्त वेळ जातो.

म्हणजे एक पकड बसवायची असली तरी मेहनत जवळपास नव्या कवळीइतकीच लागते. फक्त माल थोडा कमी. म्हणून अनेक लॅबवाले सरळ सांगतात, जुने दात परत वापरू, पण गुलाबी भाग सगळा नवा ओतू. हे सांगणारा तुम्हाला लुटतोच असं समजू नका. पुष्कळदा तेच शहाणपणाचं असतं. एकसंध ओतलेल्या वस्तूत सांधा नसतो.

एक गोष्ट मात्र विचारा: “हा माल कोणता?” फ्लेक्झिबल नावाखाली नायलॉनच नाही, ॲसिटल, पॉलिप्रोपिलीन असे इतर पदार्थही येतात. एका पदार्थाला दुसरा जुळत नाही. दात नवे केले तेव्हाच डॉक्टरांकडून पदार्थाचं नाव बिलावर लिहून घ्या. पाच वर्षांनी दुसऱ्या गावात दुरुस्ती करायची वेळ आली तर तो कागदच कामाला येईल.

तुटलं का, हे कुणी विचारायचं?

वस्तू तुटली की आपण वस्तूकडे बघतो. बघायला हवं तोंडाकडेही.

दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ थेट माझ्या लॅबवर आले. इथे मराठी बोलणारा लॅबवाला आहे असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. घरचं मराठी तंजावरी, तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी या बाजूला आलेल्यांचं. माझं मिरजेचं ऐकून त्यांना हसू येत होतं आणि मला त्यांचं ऐकून गंमत वाटत होती. हातात डबी, डबीत आईचे खालचे दात. डाव्या बाजूची पकड तुटली होती, मुलाने ती चिकटवली, परत तुटली, परत चिकटवली. चार दिवसांवर नातीचं लग्न. आई म्हणत होत्या, मी लग्नात तोंड मिटून बसणार, पानावरही बसणार नाही. मुलाचं म्हणणं साधं होतं: “मामा, तेवढी पकड बसवून द्या, लग्न पार पडू दे.”

पकड बसवून देता आली असती. पण मी त्यांना आईला घेऊन डॉक्टरांकडे जायला सांगितलं. मी तोंड बघू शकत नाही आणि तोंड न बघता पकड बसवणं म्हणजे अंधारात खिळा ठोकणं. डॉक्टरांनी पाहिलं तर पकड ज्या दाताला धरत होती तोच दात हलत होता. हिरडीचा आजार होता. दात हलतो म्हणून पकड जास्त वाकत होती आणि म्हणून तुटत होती. त्यात गोंदामुळे उंच झालेला भाग प्रत्येक घासाला त्या दाताला आणखी ढकलत होता. मी नवी भक्कम पकड बसवली असती तर तिने त्या हलत्या दातावर जास्तच जोर दिला असता.

मग डॉक्टरांनी काय केलं? हिरडी साफ केली, हलत्या दाताला सध्या हात लावला नाही, आणि मला तात्पुरती ॲक्रिलिकची साधी कवळी करायला सांगितली, त्या दाताला न धरणारी. दोन दिवसांत झाली. आजी पानावर बसल्या. मुरुक्कू त्यांनी बाजूला ठेवलं, पायसम मात्र दोनदा घेतलं, असं मुलगा सांगत होता. दात नंतर काढावा लागला, पण तो लग्नाच्या धावपळीत नाही, नीट वेळ घेऊन. पुढचा निर्णयही सावकाश झाला.

ही गोष्ट सांगायचं कारण एवढंच, की तुटलेली पकड हा निरोप असतो. हाड झिजलं असेल, दात हलत असेल, समोरचा दात वाढून खाली आला असेल, किंवा सुरुवातीलाच तिथे हा प्रकार योग्य नसेल. कारण न शोधता जोडलं तर पुन्हा तुटेल, आणि पुढच्या वेळी कदाचित कवळीच्या जागी तुमचा स्वतःचा दात जाईल.

शेवटच्या कारणाबद्दल थोडं जास्त बोलतो. धातूच्या सांगाड्याच्या अर्ध्या कवळीत शेजारच्या दातांवर टेकणारे छोटे धातूचे पाय असतात. चावण्याचा दाब त्या पायांमधून दातांवर आणि दाताच्या मुळांतून हाडात जातो. साध्या फ्लेक्झिबल कवळीत असे पाय नसतात, सगळा भार हिरडीवर पडतो. मधला एखाद-दुसरा दात गेला असेल आणि दोन्ही बाजूंना भक्कम दात असतील तर ते निभतं. पण मागच्या सगळ्या दाढा गेल्या असतील, म्हणजे मागे टेकायला दातच नसेल, तर कवळी तराफ्यासारखी हलते. चावताना मागचं टोक खाली जातं, पुढची पकड वाकते, हिरडी आणि हाड दबतं. जपानच्या कृत्रिम-दंतशास्त्राच्या संघटनेने २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भूमिकेत साफ म्हटलंय, की धातूचा आधार नसलेली लवचीक कवळी, धातूची ॲलर्जी वगैरे अपवाद सोडता, कायमची म्हणून वापरू नये. वापरायचीच तर आत धातूचे पाय, सांगाडा असा कडक आधार असावा. हे मी माझ्याच धंद्याच्या विरोधात बोलतोय असं वाटेल. पण माझ्या बाकावर परत परत येणारा माल बहुतेक याच जातीचा असतो.

तुटलं त्या दिवशी काय करायचं?

तुटलेली कवळी तोंडात घालू नका. “जेवणापुरती” म्हणूनही नाही, आणि झोपताना तर मुळीच नाही. सैल तुकडा घासाबरोबर घशात जाऊ शकतो. इथे एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: नायलॉन आणि ॲक्रिलिक साध्या एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाहीत. धातू दिसतो, हे दिसत नाही. त्यामुळे ‘एक्स-रे स्वच्छ आहे’ म्हणजे आत काही नाही असं समजू नका. कवळी हरवली आहे आणि घशात टोचतंय, गिळताना दुखतंय, लाळ गळतेय, थुंकीत रक्त दिसतंय, तर लगेच मोठ्या रुग्णालयात जा आणि “दात गिळले असावेत” हे शब्द स्वतःहून सांगा. श्वास अडकत असेल तर क्षणभरही थांबू नका. २०१९ मध्ये इंग्लंडमधलं एक प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं. बहात्तर वर्षांच्या गृहस्थांची पोटाची छोटी शस्त्रक्रिया झाली, आणि त्यांची अर्धी कवळी घशात अडकलेली आहे हे कळायला आठ दिवस लागले. त्यांच्या कवळीत तर धातूही होता. म्हणून भूल देण्याआधी, “माझे काढायचे दात आहेत” हे सांगणं तुमचं काम.

सगळे तुकडे गोळा करा, अगदी तांदळाएवढा असला तरी. स्वच्छ पाण्याने धुवा आणि थोडं पाणी घालून डबीत ठेवा. कागदात गुंडाळून ठेवलेले दात घरची माणसं कचरा समजून टाकतात. दर महिन्याला अशी एक तरी हकीकत माझ्या कानावर येते.

गोंद लावू नका. तुटलेली कड टोचते म्हणून नेलकटर किंवा पॉलिशपेपरने घासूही नका.

मग डॉक्टरांकडे जा आणि तीन प्रश्न विचारा. हे का तुटलं? दुरुस्त केलं तर जोड नेमका कुठे येईल? आणि दुरुस्तीनंतर ते खाली नीट टेकेल का? तिसऱ्याचं उत्तर “नाही” आलं तर दुरुस्तीवर पैसे घालू नका. न बसणारी कवळी जोडली तरी न बसणारीच राहते.

माझा ठोकताळा असा. कवळी एक-दोन वर्षांची, नीट बसणारी, आणि सुटलेला फक्त दात: दुरुस्त करा. पकड तुटली पण धरणारा दात भक्कम: दुरुस्तीचा खर्च विचारा, तो नव्याच्या निम्म्याहून जास्त असेल तर नवं करा. मधून चिरली, किंवा हाड झिजून पोकळ झाली, किंवा एकदा जोडलेली त्याच जागी पुन्हा तुटली: नवं करा, आणि या वेळी प्रकार बदलायचा का ते बोला.

नवं करायचं तर काय?

चारच वाटा आहेत. पुन्हा फ्लेक्झिबल, जर गेलेले दात थोडे आणि दोन्ही बाजूंचे दात चांगले असतील तर. दुसरी, तारेच्या आकड्यांची ॲक्रिलिक कवळी: स्वस्त, दिसायला थोडी कमी, पण दुरुस्तीला सर्वांत सोपी. ज्यांचे आणखी दात जायची शक्यता आहे त्यांना मी हीच बरी म्हणतो, कारण तिच्यात दात वाढवत जाता येतं. तिसरी, कोबाल्ट-क्रोमियमच्या ओतीव सांगाड्याची: सुरुवातीला महाग, पण भार दातांवर नेते आणि जास्त वर्षं टिकते. पुढे हसताना तार दिसू नये म्हणून धातूचा सांगाडा आणि पुढच्या पकडी तेवढ्या नायलॉनच्या, असा मेळही घालता येतो. चौथी, कायमचे बसवलेले दात, म्हणजे ब्रिज किंवा इम्प्लांट. त्यावर आपला वेगळा भाग आहे.

पैशाची अडचण असेल तर सरकारी दंत महाविद्यालय विसरू नका. एन्नोरच्या लोकांना मी सांगतो, लोकल पकडून सेंट्रलला उतरा, जवळच पार्क टाउनमध्ये तामिळनाडू सरकारचं दंत महाविद्यालय आहे. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालयही आहे. गोव्यात बांबोळीला आहे, इंदूरच्या मंडळींसाठी इंदूरमध्येच आहे. फेऱ्या जास्त होतील, रांग असेल, पण शिकवणारे डॉक्टर स्वतः बघतात आणि खर्च बराच कमी लागतो.

जपणूक

नवे असोत की दुरुस्त केलेले, पाच गोष्टी पाळा.

घालताना चावून बसवू नका, बोटांनी बसवा. काढताना दोन्ही बाजूंनी सारखं उचला. एकाच पकडीला नख लावून ओढायची सवय हे पकड तुटण्याचं मोठं कारण आहे.

टूथपेस्टने घासू नका. पेस्टमधली बारीक पूड नायलॉनवर ओरखडे पाडते. ओरखड्यात सांबाराची हळद, कॉफी, विड्याचा रंग बसतो, मग जंतू आणि वास. मऊ ब्रश आणि सौम्य साबणाचं पाणी पुरे. ब्लीचिंगचं पाणी नको.

रात्री काढून ठेवा, हिरडीला विसावा द्या, आणि दात पाण्यात ठेवा. पाणी पिण्याचं घ्या. आमच्या एन्नोर-मिंजूर पट्ट्यात समुद्राचं पाणी जमिनीत शिरल्याने बोअरचं पाणी खारं असतं. तुमच्याकडे मराठवाड्यात, विदर्भातही बोअरचं पाणी जड असतं. अशा पाण्यात रोज ठेवलेल्या दातांवर पांढरी खर धरते आणि ती नखाने निघत नाही.

गरम पाण्यात उकळून ‘निर्जंतुक’ करू नका. आकार बदलला तर तो परत येत नाही.

आणि पाचवं, काही दुखत नसलं तरी सहा महिन्यांनी डॉक्टरांना दाखवा. त्यांना दात दाखवायचे आहेतच, पण त्याहून जास्त हिरडी आणि पकडीखालचे स्वतःचे दात. तिथे अन्न साठतं, आणि तिथेच कीड लागते.

आजचं थोडक्यात सांगायचं तर नायलॉन चिकटत नाही, अडकतं. म्हणून दुरुस्ती घरी होत नाही, लॅबमध्ये होते. दुरुस्तीआधी “का तुटलं” हे डॉक्टरांकडून समजून घ्या, आणि तोवर तुकडे डबीत, तोंडात नाही. घरात कुणा आजी-आजोबांचे दात चिकटवून चालवलेले असतील तर आजच बघा, त्यांना विचारा कुठे टोचतं का. बहुतेक म्हातारी माणसं स्वतःहून सांगत नाहीत.

पुढच्या भागात धातूच्या सांगाड्याच्या कवळीची पूर्ण घडण बघू, मापापासून तोंडापर्यंत. नमस्कार.